हृदयाला वळसा

डॉक्सोरुबिसिन हे औषध लाल असते. केमोथेरपीच्या डे-केअर विभागात कधी बसावे लागलेल्या माणसाला ते लेबल न वाचताही ओळखता येते, कारण तिथली बाकीची बहुतेक औषधे पाण्यासारखी दिसतात आणि हे मात्र मोठ्या सिरिंजमध्ये भरून सिस्टर घेऊन आल्या की शेजारच्या खाटेवरची नजरही तिकडे वळते. ते शिरेत सावकाश सोडावे लागते. शिरेबाहेर झिरपले तर आसपासची त्वचा आणि मांस अक्षरशः जळते. पुढचा एक-दोन दिवस लघवी लालसर होते, आणि ते रक्त नव्हे हे आधी कोणी सांगून ठेवले नसेल तर घरात घबराट उडते. अमेरिकेतल्या रुग्णांनी या औषधाला ‘लाल सैतान’ असे नाव ठेवले आहे, आणि त्यांच्यावर अतिशयोक्तीचा आरोप करता येणार नाही.

या सैतानाचे मूळ गाव इटलीत आहे. आग्नेय इटलीतील कास्तेल देल मोंते या १३व्या शतकातील किल्ल्याजवळच्या मातीत स्ट्रेप्टोमायसिस प्यूसेटियस नावाचा जिवाणू सापडला. त्याच्यापासून आधी डॉनोरुबिसिन मिळाले आणि पुढे त्याच जिवाणूच्या उत्परिवर्तित वाणापासून डॉक्सोरुबिसिन. जवळच्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याचे ॲड्रियामायसिन असे व्यापारी नाव पडले आणि १९७४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. स्तन, अंडाशय, हाडे, लसिका ग्रंथी अशा कितीतरी ठिकाणच्या कर्करोगांवर ते आजही वापरले जाते, कारण ते काम करते. डीएनएच्या दोन पायऱ्यांच्या मधे ते घुसते, गुंता सोडवणाऱ्या विकराला अडवते, आणि विभाजनाच्या बेतात असलेली पेशी तुटक्या डीएनएसह मरते. केसांची मुळे, तोंडाचे अस्तर, अस्थिमज्जा यांच्या पेशीही सतत विभागत असल्यामुळे त्याही यात सापडतात. हे सारे त्रासदायक असले तरी भरून येणारे आहे. भरून न येणारी हानी होते ती हृदयाची. हृदयाचे स्नायू फारसे विभागत नाहीत, तरीही हे औषध त्यांना मारते, आणि ती हानी मात्रेगणिक साठत जाते. म्हणून आयुष्यभरात मिळून शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे जायचे नाही, अशी मर्यादा डॉक्टर पाळतात. गाठ आटते आहे, औषध लागू पडते आहे, आणि तरीही हृदयाने नकार दिला म्हणून ते बंद करावे लागते, अशी वेळ त्यामुळे अनेकांवर येते.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. नॅनोतंत्रज्ञानाचा भाग आला की वर्गातली शेवटची रांगसुद्धा सरसावून बसते, कारण प्रत्येकाने कुठे ना कुठे ते चित्र पाहिलेले असते: रक्तातून पोहत निघालेला एक चकचकीत गोळा, त्याच्या अंगावर रंगीत काटे, समोर कर्करोगाची खडबडीत पेशी, आणि बाकी कोणाला धक्काही न लावता नेमका तिच्यावरच घाव. मी ते चित्र पुसायला लावत नाही. पण गेल्या ३० वर्षांत ज्या नॅनो-औषधांनी प्रयोगशाळेतून निघून खऱ्या रुग्णांच्या शिरेपर्यंत मजल मारली, त्यांचा हिशेब मांडायला मी विद्यार्थ्यांना सांगते. तो हिशेब मांडला की ही औषधे कुठे जाऊन लागली यापेक्षा कुठे गेली नाहीत, यातच त्यांचे बहुतेक श्रेय असल्याचे दिसते. मला ही कमाई अजिबात दुय्यम वाटत नाही.

नेमका घाव घालणाऱ्या औषधाची कल्पना पॉल एर्लिक या जर्मन शास्त्रज्ञाची. शरीराला इजा न करता फक्त रोगजंतूला टिपणाऱ्या गोळीची, ‘जादूच्या गोळी’ची भाषा त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणली आणि १९१० मध्ये उपदंशावरचे साल्व्हर्सन बाजारात आणून ती काही अंशी खरीही करून दाखवली. जंतू परका असतो, त्याची रासायनिक घडण वेगळी असते, म्हणून तिथे ही भाषा चालून गेली. कर्करोगाची पेशी आपल्याच घरातली आहे, आणि सगळी अडचण तिथून सुरू होते.

यातून वाट निघाली ती कर्करोगाशी संबंध नसलेल्या एका कुतूहलातून. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथील संस्थेत ॲलेक बँगहॅम हे रक्तशास्त्रज्ञ अंड्यातून मिळणाऱ्या लेसिथिनसारख्या मेदद्रव्यांचा पाण्यातला स्वभाव तपासत होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसले की ही मेदद्रव्ये पाण्यात पडली की आपणहून बंद गोल पिशव्या तयार करतात, ज्यांची भिंत पेशीच्या आवरणासारखीच दुपदरी असते. या पिशव्या म्हणजेच लायपोसोम. त्यांच्या पोटात औषध भरता येईल, हा विचार ग्रेगरी ग्रेगोरियाडिस यांनी १९७०च्या दशकात पुढे रेटला.

लायपोसोम करून पाहणे अवघड नाही, आणि प्रात्यक्षिकाच्या तासाला मला आजही त्याची गोडी वाटते. लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून गोल बुडाच्या चंबूत घ्यायचे आणि तो चंबू रोटरी इव्हॅपोरेटरवर फिरत ठेवायचा. क्लोरोफॉर्म उडून गेला की काचेच्या आतल्या बाजूला मेदाचा इतका पातळ थर बसतो की तो उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाही. मग त्यात कोमट पाणी घालून चंबू हलवला की थर सुटतो आणि दुधासारखा पांढरा द्रव तयार होतो. यातल्या पिशव्या लहानमोठ्या, एकात एक अडकलेल्या अशा बेशिस्त असतात. हा द्रव १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पडद्यातून दाबून पुन्हा पुन्हा काढला की दूध हळूहळू निवळत जाते आणि शेवटी हातात उरतो तो किंचित निळसर झाक असलेला, अर्धवट पारदर्शक द्रव. ती निळी झाक आली की पिशव्या हव्या त्या आकाराच्या झाल्या असे समजायचे; उपकरणाने आकार मोजायचा तो नंतर, खात्रीसाठी. तांबड्या रक्तपेशीची रुंदी ७ ते ८ हजार नॅनोमीटर असते, म्हणजे यातल्या ७०-८० पिशव्या ओळीने मांडल्या तर एका रक्तपेशीची रुंदी भरते. डॉक्सोरुबिसिन विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे असे औषध नव्हे, त्यामुळे आम्ही पिशव्यांत रंगद्रव्य भरतो.

खरे औषध भरण्याची युक्ती जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील येहेझकेल बारेनहोल्झ आणि कर्करोगतज्ज्ञ अल्बर्टो गाबिझॉन यांच्या कामातून आली. त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता. त्या वेळच्या लायपोसोममध्ये औषध भिंतीत रुतवलेले होते. रुग्णाच्या रक्तात गेल्यावर ते सुटून बाहेर पडे, आणि उरलेल्या पिशव्या यकृत गिळून टाकी. नव्या पद्धतीत पिशव्यांच्या पोटात आधी अमोनियम सल्फेट भरून ठेवतात आणि बाहेरचे धुऊन काढतात. मग बाहेर डॉक्सोरुबिसिन घालतात. आतला अमोनिया भिंत ओलांडून बाहेर पडतो, त्याच्या जागी डॉक्सोरुबिसिन आत शिरते, पण आतल्या आम्लतेत त्याच्यावर विद्युतभार चढतो आणि सल्फेटशी जुळून त्याचे लांबट स्फटिक होतात. भारित रेणूला मेदाची भिंत ओलांडता येत नाही आणि स्फटिकाला तर नाहीच. अशा रीतीने एकेका पिशवीत औषधाचे १० ते १५ हजार रेणू कोंडले जातात. रसायनशास्त्रात सुंदर म्हणावे असे फार थोडे मला ठाऊक आहे. ही युक्ती त्यात मी पहिल्या ओळीत ठेवीन.

उरला प्रश्न यकृताचा. रक्तात शिरलेला कोणताही परका कण टिपून गिळणाऱ्या भक्षकपेशी यकृतात आणि प्लीहेत तळ ठोकून बसलेल्या असतात, आणि उत्क्रांतीने त्यांना जिवाणू पकडायला शिकवले असल्यामुळे १०० नॅनोमीटरची मेदाची पिशवी त्यांच्या हातून सहसा सुटत नाही. यावर उपाय म्हणून पिशवीच्या बाहेरच्या अंगाला पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पाणीप्रिय बहुवारिकाच्या लांब साखळ्या चिकटवल्या गेल्या. त्यांच्याभोवती पाण्याचा थर धरून राहतो, रक्तातली प्रथिने चिकटत नाहीत, आणि भक्षकपेशींना ओळख पटायला वेळ लागतो. साधे डॉक्सोरुबिसिन काही मिनिटांत रक्तातून ऊतींत पसरते. या पिशव्या कित्येक दिवस रक्तात फिरत राहतात. १७ नोव्हेंबर १९९५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्सिल या नावाने या औषधाला मान्यता दिली. ती पहिल्यांदा एड्सच्या रुग्णांत होणाऱ्या कापोसी सार्कोमा या कर्करोगासाठी होती आणि १९९९ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठीही मिळाली. अमेरिकेत मान्यता मिळालेले हे पहिले नॅनो-औषध मानले जाते.

माझ्या मावशीला अंडाशयाचा कर्करोग उलटला तेव्हा तिला हेच औषध मिळाले. पिशवीतला द्रव फिकट लाल, किंचित गढूळ दिसत होता. मी तिच्या खाटेशेजारी बसून, ज्या गोष्टी वर्गात फळ्यावर काढत आले होते त्या थेंबाथेंबाने तिच्या हातात उतरताना पाहत होते, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी मला स्फटिकांचे कौतुक सुचत नव्हते. डॉक्टरांनी सूचना दिल्या त्या मोठ्या घरगुती होत्या: इंजेक्शननंतर काही दिवस कढत पाण्याने अंघोळ नको, गरम पाण्यात भांडी नकोत, घट्ट चपला नकोत, तळहात-तळपाय चोळायचे नाहीत. मावशीने त्या मान डोलावून ऐकल्या आणि घरी आल्यावर तवा चढवला, कारण तिच्या मते पोळ्या लाटणे हे भांडी घासण्यात मोडत नव्हते. दुसऱ्या खेपेनंतर तिचे तळवे लाल झाले, मग बोटांच्या पेरांवरची त्वचा सोलून निघू लागली, आणि ओला पंचा पिळणे तिला जमेना. पहिल्या वेळच्या केमोत तिचे सगळे केस गेले होते. या वेळी ते जागच्या जागी होते. ती मला म्हणाली, “केस ठेवलेस आणि हात नेलेस, हा कुठला गं तुमचा हिशेब?” औषधनिर्माणशास्त्राची प्रतिनिधी म्हणून मी उत्तर देणे भाग होते.

उत्तर असे आहे की पिशवी जिथून बाहेर पडू शकते तिथे पडते. निरोगी हृदयाच्या केशवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात. १०० नॅनोमीटरचा कण त्यातून सहज निसटू शकत नाही, म्हणून हृदय वाचते. तळहात आणि तळपायाच्या त्वचेत घर्षण, दाब आणि उष्णता यांमुळे रक्तपुरवठा वाढतो, दिवसेंदिवस रक्तात फिरणाऱ्या पिशव्या तिथे झिरपतात, आणि औषध घामग्रंथींच्या आसपास साचते. त्या पिशवीला ना हृदयाची दया असते, ना हातांचा राग. तिला फक्त आकार असतो. डॉक्सिलची साध्या डॉक्सोरुबिसिनशी समोरासमोर तुलना करणारी एक मोठी चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ५०९ स्त्रियांवरची. रोग पुन्हा वाढायला लागेपर्यंतचा काळ नॅनो-औषधात ६.९ महिने, साध्या औषधात ७.८ महिने, एकूण आयुर्मान २१ आणि २२ महिने. म्हणजे कर्करोगाच्या बाजूने पाहिले तर दोघे सारखेच. पण केस गळण्याचे प्रमाण साध्या औषधात ६६ टक्के आणि नॅनो-औषधात २० टक्के, हातापायांची त्वचा सोलवटण्याचे प्रमाण २ टक्के आणि ४८ टक्के, आणि हृदयाला इजा होण्याचा धोका साध्या औषधात तिपटीहून अधिक. मावशीचा प्रश्न या आकडेवारीत जसाच्या तसा मांडलेला आहे. मी तिला हे सांगितले तेव्हा तिने थोडा विचार केला आणि हृदय राहिले तर हात परत येतील असा निष्कर्ष काढला, जो वैद्यकीयदृष्ट्या अचूक होता. हात परत आलेही. मात्रा थोडी कमी केली, दोन खेपांमधले अंतर वाढवले, आणि काही काळ घरात पोळ्या भाजीवाल्या बाईंकडून आल्या.

मग नेम साधण्याची कल्पना एवढी रुजली कशी? तिचे मूळ जपानमधल्या कुमामोतो विद्यापीठात आहे. यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी १९८६ मध्ये दाखवले की मोठे रेणू रक्तात सोडले तर ते गाठींमध्ये साचून राहतात. वेगाने वाढणारी गाठ घाईघाईने रक्तवाहिन्या उभ्या करते, त्यांच्या भिंतींत फटी राहतात, आणि आतला द्रव वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या तिथे धड तयार झालेल्या नसतात. गळका नळ आणि तुंबलेली मोरी एकाच न्हाणीघरात असावी तसा हा प्रकार. कण आत झिरपतो आणि बाहेर पडू शकत नाही. या शोधावर नॅनोवैद्यकाची इमारत उभी राहिली आणि कितीतरी प्रबंध लिहिले गेले. प्रबंधांतली गाठ मात्र बहुतेक वेळा उंदराची होती. २० ग्रॅमच्या उंदराला २ ग्रॅमची गाठ झाली तर ती त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी होते. ६० किलोच्या माणसाला त्या मापाने ६ किलोची गाठ व्हावी लागेल. उंदरातली गाठ दोन-चार आठवड्यांत वाढते आणि तिच्या रक्तवाहिन्या त्याच घाईने झालेल्या असतात. माणसाची गाठ वर्षानुवर्षे वाढते. तिच्या काही भागांत गळती असते, काहींत नसते, आणि दोन रुग्णांच्या गाठी एकमेकींसारख्या नसतात. शिवाय, बोस्टनमध्ये काम करणारे राकेश जैन यांनी वारंवार दाखवून दिले आहे की गाठीच्या आत साचलेल्या द्रवाचा दाबच इतका असतो की बाहेरून येणारे काहीही मागे ढकलले जाते.

२०१६ मध्ये टोरांटो विद्यापीठातील वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या १० वर्षांतल्या शंभराहून अधिक प्रयोगांचे आकडे एकत्र केले आणि शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत किती पोहोचले याचा मध्यक काढला. तो ०.७ टक्के निघाला. त्यावर गदारोळ झाला, मोजण्याच्या पद्धतीवर वाद झाले आणि ते अजून मिटलेले नाहीत. पण याच गटाने दोन वर्षांनी आणखी बारीक प्रश्न विचारला: गाठीपर्यंत पोहोचले ते ठीक, प्रत्यक्ष कर्करोगाच्या पेशीपर्यंत किती गेले? त्यासाठी वापरलेले कण ट्रास्टुझुमॅब या अँटिबॉडीने सजवलेले, म्हणजे अंगावर रंगीत काटे असलेले होते. उत्तर आले, १० लाखांत १४ पेक्षाही कमी. बाकीचे गाठीतल्या चिवट जाळीत अडकले किंवा रक्तवाहिनीजवळ बसलेल्या भक्षकपेशींनी खाल्ले. काटे लावले म्हणून कण पेशीपर्यंत चालत जात नाही. काट्यांचे काम सुरू होते ते कण पेशीला टेकल्यावर, आणि तिथवरचा सगळा प्रवास रक्ताच्या प्रवाहावर, दाबावर आणि नशिबावर सोडलेला असतो.

बाजाराला हे आधीच कळून चुकले होते. रॉबर्ट लँगर आणि ओमिद फरोखजाद या नामांकित शास्त्रज्ञांच्या कामातून उभ्या राहिलेल्या बाइंड थेरप्यूटिक्स या कंपनीने प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवरील एका प्रथिनाला ओळखणारे कण तयार केले होते. २०१६ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षाच्या अखेरीस मेरिमॅक या कंपनीने अँटिबॉडी लावलेल्या लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनची स्तनकर्करोगावरील चाचणी थांबवली, कारण तुलनेच्या उपचारापेक्षा ते सरस ठरण्याची चिन्हे नव्हती.

या इतिहासात एक खानदेशी धागा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही, असे माझे मत आहे. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेत गेले आणि नॉर्थ कॅरोलिनातील रिसर्च ट्रायँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्याबरोबर वनस्पतींतून कर्करोगविरोधी रेणू वेगळे काढू लागले. १९६६ मध्ये त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढले आणि १९७१ मध्ये पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतल्या टॅक्सॉलची रचना प्रसिद्ध केली. दोन्ही रेणू जबरदस्त, आणि दोन्ही पाण्याशी उभा दावा मांडून बसलेले. टॅक्सॉल, म्हणजे पॅक्लिटॅक्सेल, शिरेतून देण्यासाठी एरंडेलापासून केलेल्या एका द्रावकात विरघळवावे लागे. त्या द्रावकाची इतक्यांना तीव्र ॲलर्जी येई की आधी स्टेरॉइड देऊन मग औषध तीन तास सावकाश चढवावे लागे. २००५ मध्ये आलेल्या ॲब्राक्सेनमध्ये पॅक्लिटॅक्सेल रक्तातल्याच अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधून सुमारे १३० नॅनोमीटरचे कण केलेले आहेत. द्रावक गेला, स्टेरॉइडची सक्ती गेली, तीन तासांचे काम अर्ध्या तासावर आले आणि मात्रा वाढवता आली. त्याचा मुख्य विजय एक त्रासदायक तेल बाजूला सारण्याचा आहे, आणि तरीही २०१३ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगात, जिथे हाती फारसे काहीच नव्हते, जेमसिटाबिन या केमोच्या औषधाच्या जोडीने त्याने मध्यक आयुर्मान ६.७ वरून ८.५ महिन्यांवर नेले. कॅम्प्टोथेसिनपासून निघालेल्या इरिनोटेकॅनचा लायपोसोमही २०१५ मध्ये त्याच रोगासाठी मान्य झाला. वाणी २०२० मध्ये वारले. त्यांच्या दोन्ही रेणूंना नॅनोकणांचे वाहन मिळालेले त्यांच्या हयातीतच होते.

मात्र कॅम्प्टोथेसिनच्या वंशातला सर्वात मोठा पराक्रम वेगळ्याच वाहनाने केला. ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन हे औषध म्हणजे एक अँटिबॉडी आणि तिला साखळीने जोडलेले, कॅम्प्टोथेसिनच्या घराण्यातले आठ रेणू. याला २०१९ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्या स्तनकर्करोगांच्या पेशींवर ही अँटिबॉडी ओळखते ते एचईआर-२ हे प्रथिन अगदी थोडे असते त्यांतही त्याने रोग रोखून धरण्याचा काळ जवळजवळ दुप्पट केला. अँटिबॉडीचा आकार १० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे लायपोसोमच्या दहाव्या भागाएवढा. ती गाठीत खोलवर झिरपू शकते, आठवडे रक्तात टिकते, आणि पेशीत शिरून सोडलेले औषध शेजारच्या पेशीही मारते, त्यामुळे प्रत्येक पेशीला गाठण्याची गरज उरत नाही. एर्लिकच्या गोळीच्या सर्वात जवळ आज काही पोहोचले असेल तर ते हे. त्यालाही फुफ्फुसाची एक गंभीर इजा करण्याची खोड आहे, आणि दिलेल्या मात्रेचा फार थोडा अंशच गाठीत जातो.

रक्ताच्या कर्करोगाची गोष्ट थोडी निराळी, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. डॉनोरुबिसिन आणि सायटाराबिन ही दोन औषधे ठरावीक प्रमाणात एकाच लायपोसोममध्ये कोंडून केलेले औषध २०१७ मध्ये मान्य झाले, आणि ६० ते ७५ वयाच्या, तीव्र रक्तकर्करोगाच्या अधिक जोखमीच्या रुग्णांत त्याने मध्यक आयुर्मान ५.९ वरून ९.६ महिन्यांवर नेले. तिथे दाबाने भरलेली गाठ ओलांडायची नव्हती. अस्थिमज्जा लायपोसोमला वाट देते.

महाराष्ट्रातल्या घराघरांत ‘लायपोसोमल’ हा शब्द पोहोचला तो कर्करोगामुळे नव्हे. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडपाठोपाठ म्युकरमायकोसिस आला आणि ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी माणसे शहरभर वणवण फिरली. साधे ॲम्फोटेरिसिन स्वस्त होते, पण ते मूत्रपिंड खराब करते. लायपोसोममधले महाग होते, दुर्मीळ होते आणि मूत्रपिंड वाचवत होते. तिथेही नॅनो-औषधाने बुरशीवर अधिक अचूक नेम धरला नव्हता, तर एक अवयव वाचवला होता, आणि त्यासाठी लोक दागिने मोडायला तयार होते. हे तंत्र आपल्याकडे परके नव्हते. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात आणि केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी देशी लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनवर कित्येक वर्षे आधी काम केले होते. कर्करोगाच्या औषधाबाबतही असेच. डॉक्सिल बनवणाऱ्या अमेरिकेतल्या कारखान्यातील अडचणींमुळे २०११ च्या अखेरीपासून तिथे त्याचा खडखडाट झाला, तेव्हा फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे लिपोडॉक्स तात्पुरते आयात करू दिले आणि वर्षभराने त्याच कंपनीच्या जेनेरिकला मान्यता दिली. लायपोसोमची नक्कल करणे साध्या गोळीइतके सोपे नसते, कारण तोच रेणू असून भागत नाही. पिशवीचा आकार, भिंतीचा घट्टपणा, स्फटिकाची घडण, सगळेच जुळावे लागते. त्यामुळे या मान्यतेचे मोल मला अधिक वाटते. तरीही साध्या डॉक्सोरुबिसिनच्या आणि याच्या किमतीतले अंतर मध्यमवर्गीय घराला जाणवण्याइतके मोठे आहे, आणि आयुष्य वाढत नसेल तर एवढे पैसे कशाला, असा प्रश्न कोणी केला तर मी तो हलका मानत नाही. तरुण, धडधाकट हृदयाच्या, थोड्याच खेपा घ्यायच्या असलेल्या रुग्णाला साधे औषध पुरेसे असते. ज्याची मर्यादा भरत आली आहे किंवा ज्याचे हृदय आधीच थकलेले आहे, त्याच्यासाठी गणित बदलते.

आता संशोधकांचे लक्ष कण अधिक नटवण्याकडून रुग्ण निवडण्याकडे वळू लागले आहे, आणि मला ही दिशा समंजस वाटते. फेरुमॉक्सिटॉल हे लोहाचे सूक्ष्म कण ॲनिमियासाठी वापरात आहेत आणि ते एमआरआयमध्ये दिसतात. मोजक्या रुग्णांना आधी हे कण देऊन, ते गाठीत किती साचतात ते पाहून, मग लायपोसोमल इरिनोटेकॅन दिले गेले, तेव्हा जिथे लोह जास्त साचले होते त्या गाठी अधिक आटल्या. ज्यांच्या गाठीत कण शिरतच नाहीत, त्यांच्यासाठी रक्तवाहिन्याच आधी सुधारून घेण्याची, म्हणजे त्यांची वाढ आवरणारे औषध देऊन गाठीतला दाब उतरवण्याची कल्पना जैन यांची आहे. पण रक्तवाहिन्या सुधारल्या की त्यांच्या भिंतींतल्या फटीही लहान होतात. त्यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांत दाखवले की अशा सुधारलेल्या गाठीत १२ नॅनोमीटरचे कण पूर्वीपेक्षा चांगले शिरतात आणि १२५ नॅनोमीटरच्या कणांना मात्र काहीच फायदा होत नाही; म्हणजे दाब उतरवण्याचा हा उपाय अँटिबॉडीच्या मापाच्या औषधांना वाट करून देतो, आणि डॉक्सिलसारख्या लायपोसोमना त्यातून फारसे काही मिळत नाही.